ऑनलाइन गेमच्या गावात पट मांडावा का, पत्ते वाटावेत का?

हातमाग
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मिळून अडीच वर्षं एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम (आपलं पात्र घेऊन खेळायचा) बनवतोय. चौघंही सोलापूरचे, दिवसा नोकऱ्या, रात्री हे काम. गेम मराठीत आहे. काल्पनिक गाव, मधोमध तळं, काठावर देऊळ, पलीकडे पेठ. सिद्धेश्वर तळं बघत वाढलेल्यांनी ते रंगवलंय, त्यामुळे तुम्हाला ओळखीचं वाटेल.

सध्या चाचणीला रोज संध्याकाळी तीस-चाळीस जण येतात. मोहिमेवर निघायला पाच जणांचा जथा लागतो. पाचवा मिळेपर्यंत चौघं तळ्याच्या पायरीवर उभे असतात, दहा मिनिटं, कधी वीस. कुणी उड्या मारत बसतं, कुणी पात्र तिथंच सोडून जेवायला जातं. त्या पायरीवर पट मांडला, पत्ते ठेवले तर? नुसती शोभा म्हणून नाही, खरोखर खेळता येतील असे.

माझं मन पूर्ण त्या बाजूला आहे. पण आमची चित्रकार म्हणते, यात दोन महिने गेले की नवं भुयार (मोहिमेची नवी जागा) तेवढं पुढं ढकललं जाणार, आणि लोक भुयारासाठीच येतात. तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. तेव्हा खेळणाऱ्यांनी सांगा: गेमच्या आतले पत्ते-पट तुम्ही खरंच खेळता का? आणि घालायचाच तर कुठला खेळ?

किलवरराणी
खेळते, आणि भरपूर खेळते. फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेममध्ये २०१५ च्या फेब्रुवारीत गोल्ड सॉसर नावाचं खेळांचं ठिकाण आलं, त्यात ट्रिपल ट्रायड हा पत्त्यांचा खेळ. तीन बाय तीनचा पट, प्रत्येकाकडे पाच पानं. मुळात हा खेळ १९९९ च्या फायनल फँटसी ८ मधला. पानं जमवायला लोक गावोगावच्या पात्रांना गाठतात, काही पानं भुयारातही मिळतात. म्हणजे पत्त्यांमुळे भुयारं ओस पडली नाहीत, उलट जुन्या भुयारात जायला निमित्त मिळालं. हे चित्रकार मॅडमना नक्की सांगा.

नंतर २०१९ च्या जानेवारीत त्यात चौघांचं माजाँग (ठोकळ्यांचा चिनी खेळ) आलं. मला माजाँगचा म सुद्धा माहीत नव्हता. गिल्डमधल्या, म्हणजे गेममधल्या आमच्या गटातल्या, तिघांनी रात्री बसून शिकवलं. त्या तिघांशी अजून बोलणं आहे. कुठल्या मोहिमेत कुणाला हरवलं ते मात्र आज एकही आठवत नाही.

होटगीरोडकर
माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहितो. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन या गेममध्ये २०२२ च्या जूनमध्ये टेल्स ऑफ ट्रिब्यूट नावाचा पत्त्यांचा खेळ आला. खेळ वाईट नाही, विचार करून बनवलाय. पण बक्षिसं मिळतात म्हणून मी रोज एक डाव उरकायचो. उरकायचो हाच शब्द बरोबर आहे. समोरचाही उरकत असायचा. महिन्याभरात मला पत्त्यांचाच कंटाळा आला.

चौघांची टीम आहे तुमची. भुयार करा. पत्ते खेळायला लोकांच्या घरी खरे पत्ते आहेत.

पूर्वभाग
होटगीरोडकर, घरी पत्ते आहेत पण भिडू कुठं आहेत? माझे दोन भाऊ पुण्यात, एक हैदराबादला.

हातमाग, तुम्ही पट म्हणालात म्हणून लिहितो. आमचं घर पूर्व भागात, घरात तेलुगू. आजी विड्या वळायची. दुपारी पानं संपली की चार बायका ओट्यावर बसायच्या आणि खडूनं पाच बाय पाचची घरं आखायच्या. अष्टा चम्मा. कवड्या असतील तर कवड्या, नाहीतर चिंचोके एका बाजूनं दगडावर घासून पांढरे केलेले. चार टाकायचे. चारही पांढरे पडले तर चम्मा, म्हणजे चार. चारही काळे पडले तर अष्टा, म्हणजे आठ. दोन्हीला परत हात मिळतो. सोंगट्या म्हणजे बांगडीचा तुकडा, खडा, विडीचा दोरा गुंडाळलेली काडी, हाताला येईल ते.

आजी हरायला लागली की बाहेरच्या फेरीत मुद्दाम थांबून राहायची, कुणाला तरी मारायला. तिच्या नियमात एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता यायचं नाही. लूम (माग) चालू असताना बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळ्या मोठ्यानं ओरडून खेळायच्या. त्या आवाजाची मला अजून सवय आहे, शांतपणे लुडो खेळणारे बघितले की विचित्र वाटतं.

तुमच्या तळ्याच्या पायरीवर हाच खेळ पाहिजे. दुसरा नको.

रात्रपाळी
आमच्यात याला चौकाबारा म्हणतात. अक्कलकोटकडच्या कुठल्याही कन्नड घरात विचारा.

उतारी
आणि आमच्याकडे चल्लस आठ. एकच पट, गल्ली बदलली की नाव बदलतं. सोलापुरात याचं नाव ठरवायला बसलात तर गेम पुढच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत येत नाही बघा.

रात्रपाळी
नाव राहू दे बाजूला. मारल्याशिवाय आत जाता येत नाही हा नियम मी पहिल्यांदा ऐकतोय. आम्ही सरळ जातो.

पूर्वभाग
सरळ गेलात तर मग मारामारीला अर्थ काय राहिला बे? बाहेरच्या फेरीत सगळे गपचूप चालत राहणार.

उतारी
आमच्याकडे जोडी झाली की ती मारता येत नाही, असाही एक नियम होता. काका आमच्यावर चालवायचे, त्यांच्या जोडीला मात्र तो लागू होता की नाही ते डावागणिक ठरायचं.

सर्व्हरसांभाळ्या
नियमांवर नंतर येतो, आधी आकडे बघा. हातमाग, तुम्हाला दहा-वीस मिनिटांची रिकामी वेळ भरायची आहे ना?

पंचवीस घरं. बाहेरची फेरी सोळा, आतली आठ, मधलं एक. म्हणजे प्रत्येक सोंगटीला चोवीस पावलं चालायचं, चार सोंगट्यांना शहाण्णव. चारही कवड्या उलट-सुलट पडायची शक्यता सारखी धरली तर सोळापैकी चार वेळा एक, सहा वेळा दोन, चार वेळा तीन, एकदा चार, एकदा आठ. सरासरी अडीच. शहाण्णव भागिले अडीच, म्हणजे कुणी कुणाला मारलंच नाही तरी एकेकाला साधारण अडतीस वेळा कवड्या टाकायच्या. चौघांचे मिळून दीडशेच्या वर. एकदा टाकायला विचारासकट आठ सेकंद धरा, वीस मिनिटं गेली. मारामारी धरली तर अर्धा-पाऊण तास.

तुमचा पाचवा गडी आला, मोहीम निघाली, डाव अर्ध्यात. म्हणून सोंगट्या दोनच ठेवा. दहा मिनिटांचा खेळ होतो.

आता पत्त्यांबद्दल. पत्ते पिसण्याचं काम सर्व्हरवरच करा, आणि ज्याची पानं त्यालाच पाठवा. बरेच नवशिके चौघांची पानं चौघांच्या मशीनवर पाठवतात आणि पडद्यावर फक्त झाकून ठेवतात. झाकलेलं उघडणारे दोन दिवसांत येतात. पिसण्याचा बीज-आकडाही (ज्यावरून पत्त्यांचा क्रम ठरतो तो) घड्याळावरून घेऊ नका. १९९९ साली एका ऑनलाइन पोकरच्या प्रोग्रॅममध्ये नेमकं हेच झालं होतं. मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून पत्ते पिसले जायचे. दिवसाचे मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. ऐकायला मोठा आकडा, पण संगणकाला किरकोळ. काही सुरक्षातज्ज्ञांनी आपल्या हातातली आणि टेबलावरची उघडी पानं बघून बाकी सगळी पानं ओळखून दाखवली होती.

किलवरराणी
दोन सोंगट्यांची कल्पना छान आहे. आणि नेट गेलं तर? चौघांच्या खेळात एक गेला की तिघं अडकतात. माजाँगमध्ये गेलेल्याच्या जागी संगणक पान टाकत राहतो, तसं काहीतरी लागेलच. उन्हाळ्यात आमच्या भागात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

सर्व्हरसांभाळ्या
मिनिटभर वाट बघायची, मग संगणकानं साधं चालायचं, माणूस परत आला की त्याची सोंगटी त्याला द्यायची. पटावर हे सोपं आहे. पत्त्यांत संगणकानं चुकीचं पान टाकलं की भिडू खवळतो.

बदामसत्ती
पत्त्यांत पाच-तीन-दोन घाला हो! तिघंच लागतात. तीसच पानं, अठ्ठीच्या खालची सगळी काढायची, फक्त बदाम आणि इस्पिकची सत्ती ठेवायची. दहा-दहा पानं, पाच मिनिटांत डाव. मागच्या डावात कमी हात केले तर पुढच्या डावात समोरचा तुमचं पान ओढतो, तिथंच खरी मजा.

दश्शी_धरा
मेंढीकोट. दुसरं काही नाही. लग्नाच्या आदल्या रात्री हॉलवर गाद्या टाकल्या की कुणी पाच-तीन-दोन खेळतं का? चार दश्श्या धरून समोरच्यावर कोट चढवला की त्या रात्री झोप लागत नाही आनंदानं.

बदामसत्ती
मेंढीकोटमध्ये खाणाखुणा करतात. आमचे मामा कान खाजवला की इस्पिकचा एक्का. ऑनलाइन तर भिडू बाजूला फोनच लावून बसतील.

दश्शी_धरा
मग भिडू ज्याचा त्यानं निवडायचा नाही, सर्व्हरनं लावून द्यायचा. अनोळखी भिडूबरोबर खेळल्यावर माणूस कळतो. हुकूम कधी उघडतो, दश्शी वाचवायला किती धडपडतो, यावरून मी पुढे त्याला मोहिमेत घ्यायचं की नाही तेही ठरवेन.

कोर्टकचेरी
एक गंभीर मुद्दा, वकिली करतो म्हणून. खेळाला पैज लावणार आहात का?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यानं बंद केले, मग खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं होतं. पुढं लोक तो निकाल ऑनलाइन रमीसाठीही दाखवत आले. या कायद्यासमोर ती वाट चालत नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.

तुम्ही म्हणाल, आमच्यात खरे पैसे नाहीत, गेममधल्या मोहरा आहेत. पण कायद्यात नाणी, टोकन, वस्तू हे सगळं धरलंय, खरं असो वा आभासी, ते पैसे देऊन घेतलेलं असेल तर. म्हणजे उद्या तुम्ही मोहरांची थैली शंभर रुपयांना विकलीत आणि त्याच मोहरा पटावर लावू दिल्या, की तुम्ही त्या व्याख्येच्या दारात उभे. गंमत म्हणून खेळायच्या सामाजिक खेळांना अडचण नाही. म्हणून पैज ठेवूच नका. मोठ्या कंपन्याही यात सांभाळून असतात. रेड डेड ऑनलाइन या गेममध्ये पोकर आहे, पण काही देशांत तिथल्या कायद्यामुळे तो खेळताच येत नाही.

जुनीमिल
वकीलसाहेबांचं ऐका. माझ्या चुलत भावानं रमीच्या एका ॲपवर दीड वर्षात वडिलांचे फंडाचे पैसे घालवले. घरात कुणाला कळलं नाही, कारण तो आमच्यात बसूनच फोनवर खेळत असायचा. आता त्यांच्या घरात पत्त्यांचा जोड दिसला तरी काकू उठून जाते. दिवाळीत सगळे मिळून झब्बू खेळायचो, ते बंद झालं. हातमाग, तुमचा गेम लहान मुलंही खेळणार. एक मोहर सुद्धा लावू देऊ नका.

हातमाग
जुनीमिल, वाचून वाईट वाटलं. पैज नाही, मोहरा नाहीत, हे आत्ताच पक्कं करतो. बाकीचं सगळं रोज वाचतोय, लिहीत राहा.

चंगकांचन
थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दशावतारी गंजिफा कुणी पाहिलाय? सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून हातानं रंगवतात. गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा, राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण एकशे वीस. तिघं खेळतात, चाळीस-चाळीस पानं हातात. निम्म्या अवतारांत दहा मोठा आणि एक्का लहान, उरलेल्या निम्म्यांत बरोब्बर उलटं.

आणि हातमाग, हे तुमच्यासाठी: दिवसा डाव रामाच्या पानानं सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. तुमच्या गेममध्ये दिवस-रात्र होते ना? सूर्य मावळला की खेळाची सुरुवातच बदलते. असा नियम मुद्दाम शोधून सापडणार नाही, आणि तो आपल्याकडं आधीपासून पडून आहे.

सर्व्हरसांभाळ्या
अंगावर काटा आला हे वाचून. पण एकशे वीस वेगळी चित्रं! चित्रकार मॅडम हातमागला तळ्यात ढकलतील.

चंगकांचन
मग नवकांकरी करा. चोवीस बिंदू, नऊ-नऊ कांकऱ्या, तीन ओळीत आल्या की समोरच्याची एक उचलायची. चित्रकाम जवळपास शून्य. दोघंच लागतात.

सर्व्हरसांभाळ्या
याचा संगणक-भिडू मात्र मुद्दाम कच्चा ठेवावा लागेल. १९९३ सालीच हा खेळ पूर्ण सोडवून झालाय, दोघंही न चुकता खेळले तर बरोबरीच. पक्का भिडू ठेवलात तर तो कधीच हरणार नाही आणि लोक दोन दिवसांत सोडतील.

वीजबिल
सगळं वाचलं. एक विचारू? खेळणारे चौघं. बघणारे किती?

मी विचारतोय कारण आमच्या चौकात रात्री जेवणं झाली की कट्ट्यावर पत्त्यांचा डाव बसतो. खेळणारे चार, भोवती उभे सात-आठ. "अरे ती राणी कशाला टाकली", "थांब, त्याच्याकडे हुकूम आहे". मी स्वतः पाच वर्षं नुसता उभा राहायचो, मला पत्ते येत नव्हते. कामावरून आलो की तिथं जायचो. नोकरी सुटली तेव्हा दुसऱ्या नोकरीचा पत्ता मला त्या उभ्या माणसांतल्या एकानं दिला. तो पण खेळत नव्हता.

फोनवरच्या लुडोत हेच नाही. आत गेलो तर खेळायचं, नाहीतर बाहेर. कडेला उभं राहायला जागाच ठेवत नाहीत.

पूर्वभाग
वीजबिल, अगदी बरोबर. आजीच्या ओट्यावर पण चार बायका खेळायच्या आणि पोरं धरून दहा जण बघायचो.

होटगीरोडकर
मी वर भुयार करा म्हणालो होतो. वीजबिलचं वाचल्यावर जरा थांबलो.

माझा राग बक्षिसावर होता, खेळावर नव्हता, हे लिहिता लिहिताच मला कळलं. रोज खेळलास तर हे देतो म्हटलं की माणूस खेळायला बसत नाही, हजेरी लावतो. बक्षीस काढून टाका. जिंकणाऱ्याला अनुभवाचे गुण नकोत, तलवार नको. मग जो बसेल तो बसायचं म्हणून बसेल.

आणि दोन अटी. पाचवा गडी आला की डावातून उठता आलं पाहिजे, दंड नको, आणि उठणाऱ्याची जागा कडेला उभ्या असलेल्या कुणालाही घेता आली पाहिजे. बघे ठेवलेत की संगणक-भिडूची गरजच अर्धी कमी होते.

किलवरराणी
होटगीरोडकर आमच्या बाजूला आले, आता शेंगाचटणी आणि कडक भाकरी माझ्याकडून.

होटगीरोडकर
बाजूला आलो नाही, कडेला उभा राहिलोय. चटणी पाठवा.

कोर्टकचेरी
बघ्यांचं एक लक्षात ठेवा, पत्त्यांत बघणारा मागून पानं बघून खुणा करू शकतो. पटावर सगळं उघडं असतं, तिथं बघ्यानं कितीही सल्ला दिला तरी फसवणूक होत नाही. या एका कारणासाठी पट आधी, पत्ते नंतर.

हातमाग
आठ दिवस झाले धागा काढून. चित्रकारानं पूर्ण वाचला, वीजबिलचा प्रतिसाद दोनदा. काल रात्री चौघं बसलो, ठरलं ते असं.

भुयार होणारच, तीन आठवडे उशिरा. त्या तीन आठवड्यांत तळ्याच्या पायरीवर एक कट्टा. चौघांना बसायला जागा, भोवती बाराजण उभे राहतील एवढी मोकळी जागा. बघ्यांचं बोलणं खेळणाऱ्यांना ऐकू येणार, खेळणाऱ्यांचं बघ्यांना. बघ्याला बसलेल्याच्या मागं उभं राहून "मी येऊ का" विचारता येणार. बक्षीस नाही, पैज नाही, जिंकल्या-हरल्याची नोंद सुद्धा ठेवत नाही. नोंद नको हा हट्ट चित्रकाराचा, आणि तो मला पटला.

खेळ एकच, तो पाच बाय पाचचा. दोन सोंगट्यांचा किंवा चार सोंगट्यांचा, बसणाऱ्यांनी ठरवायचं. गंजिफा मात्र डोक्यातून जात नाही. चित्रकारानं मत्स्याचा राजा कच्चा काढून पण बघितला. तो पुढच्या वर्षी.

नियमांचं सगळ्यात अवघड होतं. मारल्याशिवाय आत जायचं की नाही, जोडी मारता येते की नाही, यावर आमच्या चौघांत चार मतं, आणि आम्ही एकाच शहरातले. म्हणून पटाशेजारी एक पाटी ठेवतोय. डाव सुरू व्हायच्या आधी चौघांनी पाटीवरच्या नियमांपुढं हो-नाही करायचं. चौघांचं जुळलं की कवड्या हातात. नावाचंही तसंच. पाटीवर वर नाव लिहायची जागा रिकामी आहे, जो पट मांडेल तो लिहील.

पूर्वभाग
वा. एक नियम पाटीवर घ्या: लागोपाठ तीनदा अष्टा किंवा चम्मा पडलं की तिन्ही जळतात, काही मिळत नाही. आजीचा नियम.

सर्व्हरसांभाळ्या
घ्यायला हरकत नाही, पण सारख्या शक्यतेनं आठात एकदा परत हात मिळतो, म्हणजे तीनदा लागोपाठ पाचशे बारांत एकदा. लोकांना क्वचितच दिसेल.

पूर्वभाग
आमच्याकडं दर दुपारी एखाददा तरी जळायचं.

सर्व्हरसांभाळ्या
मग चिंचोके सारखे नसणार. घासलेली बाजू सपाट, दुसरी फुगीर, त्यामुळे एका बाजूवर जास्त पडत असतील. पूर्वभाग, घरी चिंचोके असतील तर चार घासून शंभर वेळा टाका आणि काय काय पडलं ते इथं लिहा. तेच आकडे सर्व्हरवर घालू. कवड्या निवडल्या तर एक शक्यता, चिंचोके निवडले तर दुसरी.

पूर्वभाग
आजीचेच आहेत, पितळी डब्यात. रविवारी आई आणि मी बसतो. आई टाकेल, मी लिहीन.

हातमाग
पाचशे वेळा टाका, शंभरावर अंदाज कच्चा येईल. आणि टाकताना आवाज रेकॉर्ड करता येईल का? फरशीवर नको, ओट्यावर.